सागवानी फळीचं वजन

गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली होती, तेव्हा तिनं मला मोबाईलवर अमेरिकेतला फुटबॉल दाखवला. तिकडचा चेंडू लांबट, आंब्याच्या कोयीसारखा, आणि खेळणारे डोक्यावर टोप चढवून रेड्यांसारखे एकमेकांना धडकणारे. मला त्यातलं ओ की ठो कळेना. तेवढ्यात कॅमेरा वर गेला आणि काचेच्या खोलीत बसलेला एक कोटवाला माणूस दिसला. तो खेळत नव्हता, शिकवत नव्हता, साधं ओरडतही नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, हा जनरल मॅनेजर. कोणाला घ्यायचं आणि कोणाला सोडायचं, एवढंच ह्याचं काम. म्हणजे तुम्हीच की. फक्त तुम्हाला कोट नव्हता."

मी हसलो. मग तिनं सांगितलं की ज्याला काढायचं असतं त्याला तिथं एका खोलीत बोलावतात आणि येताना डावपेचांची वही घेऊन ये म्हणतात. वही मागितली की खेळाडू समजतो, आपलं इथलं संपलं. हे ऐकल्यावर मला पुढं बघवेना. मी उठून परसात गेलो आणि उगाच जास्वंदीला पाणी घालत बसलो. मुलीला वाटलं, बाबा कंटाळले.

बावीस वर्षं मी जव्हारच्या एका कबड्डी मंडळाचा व्यवस्थापक होतो. पोटापाण्याला सरकारी कचेरीतली कारकुनी, पण गावात मला ओळखत ते संघामुळे. मी स्वतः खेळाडू म्हणून यथातथाच. चढाईला गेलो की मधल्या रेषेकडे परत कसं यायचं हाच विचार डोक्यात असायचा. पण नजर मात्र होती, हे मी आज सगळं गमावून बसल्यावरही म्हणेन. मोखाड्याच्या आठवडे बाजारात मी माणसांचे चेहरे बघत नसे, पाय बघत असे. डोक्यावर भाताचं पोतं घेऊन जो माणूस चिखलातून न बघता चालतो, त्याचे घोटे मजबूत असतात. जीप सुटायच्या वेळी गर्दीत जो धक्का न देता आत शिरतो, तो चांगला चढाईपटू होऊ शकतो. असे पाय बघून मी पाड्यापाड्यांतून माणसं आणली, त्यांच्या घरच्यांना पटवलं, ठेकेदारांशी भांडलो, आणि जिथं कोणी विचारत नव्हतं त्या संघाला खालच्या शहरांत पत मिळवून दिली. घाटाखालचे लोक म्हणायचे, डोंगरातली ही पोरं घोटा धरतात तर सुसरीसारखा धरतात.

घेणं सोपं असतं. काढणं अवघड. मला तोंडावर सांगायला जमायचं नाही, म्हणून माझी एक रीत पडून गेली होती. ज्याला काढायचं त्याला जीपमध्ये माझ्या शेजारी पुढं बसवायचो आणि विचारायचो, "काय रे, यंदा नागली कशी आहे?" नागलीवरून वरईवर, वरईवरून भातावर. जव्हारच्या डेपोपाशी पोचेपर्यंत त्याला कळलेलं असायचं. पोरं आपसांत म्हणायची, सर नागलीचं विचारायला लागले की पिशवी भरायची. मला हे माहीत होतं आणि मला त्याची गंमत वाटायची. आपण किती हळुवारपणे माणूस काढतो, असा माझा समज होता.

माझ्या संघात एक डावा कोपरारक्षक होता. मोखाड्याच्या पुढं, डांबरी संपल्यावर तासभर चालायचं, तिथला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. संघात त्याला सगळे कोपराच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. बोलायला अगदी कमी. चढाईवाला समोर आला की हा जमिनीकडे बघत उभा राहायचा, जणू त्याचं काही हरवलंय. चढाईवाला गाफील राहायचा आणि पुढच्या क्षणी त्याचा घोटा ह्याच्या दोन्ही हातांत असायचा. सोडवून गेलेला मी तरी क्वचितच पाहिला. त्याची बायको त्यांच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस. दोन मुलं. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांच्याकडची माणसं वीटभट्टीवर जायला निघतात आणि नेमका तोच आमच्या स्पर्धांचा हंगाम. मी त्याला दर वर्षी म्हणायचो, "थांब. तुझी नोकरी मी बघतो."

हे मी नुसतं बोलत नव्हतो. एका मोठ्या कंपनीच्या संघाचे साहेब मला ओळखायचे. त्यांना डावा कोपरा हवा होता. कंपनीत घ्यायचं तर वयाची अट होती आणि आमच्या कोपऱ्याचं ते शेवटचं वर्ष होतं. साहेब म्हणाले, घाटाखाली पासष्ट किलो वजनी गटाची स्पर्धा आहे, तिथं मी येतो, तुमचा माणूस दाखवा. कायमची नोकरी, राहायला खोली, मुलांना शाळा. त्या एका दिवसावर त्या घराचं सगळं पुढचं आयुष्य होतं, आणि हे त्याला, त्याच्या बायकोला आणि मला तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

वजन करायला आमच्या मंडळाच्या शेडमध्ये जुना काटा होता. उभं राहायचं, वर दांडीवर वजन सरकवायचं, तसला. त्याचा खालचा पत्रा गंजून पोरांच्या तळव्यांना लागायचा. त्या वर्षी पावसाळ्यानंतर मी त्यावर सुताराकडून छान सागवानी फळी बसवून घेतली, चार स्क्रू मारून. काम बघून मला फार बरं वाटलं होतं. फळीला वजन असतं आणि काटा पुन्हा शून्यावर आणायचा असतो, हे माझ्यासारख्या, आयुष्यभर आकडे जुळवणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात आलं नाही.

आणि कोणाच्याच कसं आलं नाही, हेही सांगतो. त्या महिन्यात सगळ्या संघाचं वजन वाढलं. मी बैठकीत छाती फुगवून सांगितलं की मी सुरू केलेले चणे आणि अंडी लागू पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या भागात वजन वाढलं ही बातमी कोणी तपासत नाही. वावर-वांगणीची मुलं कुपोषणानं गेली त्या वर्षी मी नुकताच नोकरीला लागलो होतो. बाहेरून माणसं यायची, मुलांना झोळीत घालून काट्याला लटकवायची, आकडे लिहून न्यायची. जव्हारच्या चहाच्या टपरीवर आम्ही शहरातली शहाणी माणसं म्हणायचो की एवढं कमी वजन असूच शकत नाही, त्या खेड्यातले काटेच खोटे असणार. मीही म्हटलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे वजन कमी भरलं की शंका घ्यायची आणि वाढलं की पेढे वाटायचे, असं होऊन बसलंय.

स्पर्धेच्या अकरा दिवस आधी कोपरा त्या फळीवर उभा राहिला तेव्हा सदुसष्ट किलो भरला. मी हादरलो. पासष्टच्या वर गुंजभर भरला तरी बाद. मी त्याला सांगितलं, भात बंद, भाकरी अर्धी, पाणी मोजून, आणि रोज सकाळी अंगात रेक्झिनचं जाकीट घालून जव्हारबाहेरच्या शिरपामाळापर्यंत पळायचं. त्यानं मान हलवली. अकरा दिवस त्यानं ते केलं. मी मोटारसायकलवरून मागं असायचो. तिथं फिरायला आलेली माणसं फोटो काढायची आणि हा बाजूच्या दगडावर डोकं धरून बसायचा. एकदा त्याला भोवळ आली. मी म्हटलं, "अरे, नोकरी लागली की रोज मटण खा." तो हसला. त्याच्या गालांची हाडं वर आली होती आणि मला ती बघून समाधान वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं वजन घेतलं. फळीवर तो साडेपासष्ट भरला. मी दांडी तीनदा सरकवून बघितली.

तो म्हणाला, "सर, आमच्या आंगणवाडीच्या काट्यावं त्रेसष्ट भरला. परवा बायकोनं केला. गरोदर बायांचा काटा हाय ना, त्याच्यावं."

बारा खेळाडू आजूबाजूला उभे होते. मी म्हटलं, "तुमच्या पाड्यावरच्या काट्यावर कंपनी नोकरी देत नाही रे बाबा. ते काटे आम्हाला माहीत आहेत." दोघंतिघं हसले. तो फळीवरून उतरला. माझ्याशी वाद घालायची त्याला सवयच नव्हती, आणि ती मी त्याला लावलीही नव्हती.

मी हिशेब केला. बारा जणांची यादी, त्यातला एक बाद झाला तर अकराच राहणार, आणि साहेबांसमोर फजिती. जव्हारमधलाच एक तरणा, डाव्या कोपऱ्यात बरा खेळणारा, वजनात बसत होता. त्याचं नाव घातलं. संध्याकाळी कोपऱ्याला जीपमध्ये पुढं बसवलं आणि मोखाड्याच्या रस्त्याला लागल्यावर विचारलं, "यंदा नागली कशी आहे?" तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "बरी हाय, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला घाटाखालच्या त्या मैदानावर आमच्या संघाचं वजन सुरू झालं. टेबलावरचा पंच आकडा मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. पहिला आमचा संघनायक. माझ्याकडे चौसष्ट होता, पंच म्हणाला, साडेएकसष्ट. मला वाटलं, रात्री झोपला नसेल. दुसरा एकसष्टचा साडेअठ्ठावन्न. तिसरा. चौथा. प्रत्येक जण अडीच किलोनं कमी. पाचव्या आकड्याला मी खिशातली आमच्या वजनांची यादी काढून पुढ्यात धरली. सगळे उतरल्यावर मी गमतीगमतीत म्हणून स्वतः त्या काट्यावर चढलो. मीही अडीच किलोनं कमी. मला तिथंच ती फळी दिसली, तिचे चार स्क्रू दिसले.

यादीतलं नाव दुपारी एकपर्यंत बदलता येत होतं. मोखाड्याहून मोटारसायकलनं तीन तास, फार तर साडेतीन. मी मंडपाच्या मागं गेलो, खिशातून फोन काढला, त्याचं नाव पडद्यावर आणलं. अंगठा वर धरून उभा राहिलो.

फोन केला नाही.

कारणं मी तेव्हाही स्वतःला दिली आणि नंतर सात वर्षं देत आलो. त्यांच्या पाड्यावर रेंज नसते. ज्याला घेतलंय त्याचे वडील सामना बघायला जव्हारहून आलेत, आता त्याच्या अंगातला बनियन कसा काढून घ्यायचा. कोपरा भुकेला आहे, तीन तास गाडीवरून येऊन खेळेल कसा. सगळी खरी कारणं आहेत. पण खरं कारण एवढंच की फोन केला असता तर त्या बारा जणांसमोर मला म्हणावं लागलं असतं की पाड्यावरचा काटा बरोबर होता आणि सरांचा चुकला. ते माझ्या तोंडून निघालं नसतं. मी फोन खिशात ठेवला आणि पोरांना केळी वाटायला गेलो.

त्या तरण्यानं त्या दिवशी दोन सुरेख घोटे धरले. साहेबांनी त्यालाच घेतलं. आता तो कंपनीत कायम आहे, लग्न झालंय, गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो आणि म्हणतो, सर, तुमच्यामुळं. त्याचा काही दोष नाही. तरी त्याचं नाव पडद्यावर आलं की मी फोन बराच वेळ वाजू देतो.

परत आल्यावर मी एकट्यानं शेडमध्ये जाऊन ते स्क्रू काढले. फळी घरी आणली. बायकोनं विचारलं, ही कशाला? म्हटलं, लागेल कुठंतरी. ती अजून दाराच्या मागं उभी आहे आणि आजपर्यंत कशालाच लागली नाही. मंडळात मी सांगितलं की काटा जुना झाला, नवा घेऊ. कोणी काही विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

कोपरा पुढच्या आठवड्यात सरावाला आला. मला म्हणाला, "जिकलं ना आपण?" मी म्हटलं, "हो, उपांत्य फेरीपर्यंत गेलो." त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हंगाम संपायच्या आत तो वीटभट्टीवर गेला. नंतरच्या वर्षी आला नाही. कोणीतरी म्हणालं भिवंडीला गोदामात हमाली करतो, हिंदी बोलायला लागलाय.

तेव्हापासून मला आकडे ऐकू येतात. किराणा दुकानात, पोस्टात, दवाखान्यात, कोणी वजन मोठ्यानं वाचलं की मी अडीच वजा करतो. भर दुपारी कचेरीत बसलेलो असताना वाटायचं, दाराशी तो उभा आहे, जमिनीकडे बघत, जणू काही हरवलंय. मान वर केली की दाखल्यासाठी आलेला भलताच कोणी असायचा. बाजारात मला पाय बघवेनात. एखादा मजबूत घोटा दिसला की मी नजर फिरवायचो. पाय न बघणारा व्यवस्थापक काय कामाचा? हळूहळू संघ पडला आणि लोक म्हणाले, सर थकले.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. मंडळानं सत्कार ठेवला, शाल, नारळ, भाषणं. एकानं सांगितलं की सरांनी कितीतरी घरं उभी केली. मी शाल सावरत बसलो होतो आणि मला भीती वाटत होती की आता कोणीतरी मागून उठेल. कोणी उठलं नाही. ते जास्त वाईट होतं.

तरीही जायला मी दिवाळी उलटू दिली. मुलीनं तो काचेच्या खोलीतला माणूस दाखवला, ती परत गेली, आणि त्याच आठवड्यात मी सकाळची एसटी धरली. मोखाड्याहून जीप, मग पायी. वाटेत मी वाक्य घोकत होतो: माझी चूक झाली होती, तुझं वजन बरोबर होतं, मला तिथंच कळलं होतं. तिसऱ्या वाक्यापाशी आलो की मी प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

तो नव्हता. भिवंडीला होता, शिमग्याला येणार होता. त्याची बायको अंगणवाडीत होती. मुलं खिचडी खाऊन घरी गेली होती आणि ती टोप घासत होती. मला बघून तिनं हात धुतले, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कोपऱ्यात तो काटा होता, साधा, पांढरा. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

मी बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळं. फळी, स्क्रू, पंचानं वाचलेले आकडे. तिसरं वाक्यही बोललो. म्हटलं, "मला तिथं नऊ वाजताच कळलं होतं. फोन करता आला असता. मी केला नाही." आणि लगेच, जन्माची खोड, पुढं जोडलं, "इथं रेंज नसते ना."

ती ओल्या हातांनी पदर नीट करत उभी होती. चिडली नाही. मला वाटतं, चिडली असती तर मी वाचलो असतो.

"म्हाईत हाय, सर," ती म्हणाली. "वजन मीच केला व्हता. तीनदा केला व्हता. ते बोलले, तिकडं बाकीच्यांचा वजन व्हईल तवा सरांना कळंल. सर हुशार हायेत. कळला की फोन करतील." तिनं दारातून बाहेर हात केला. समोरच्या टेकाडावर एक मोहाचं झाड होतं. "त्या झाडाखाली रेंज येतं. सकाळी सातला जाऊन बसले. भाच्याची गाडी मागून आनली व्हती, पेट्रोल टाकून. पिशवी भरून."

मी त्या झाडाकडे बघत राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "कधीपर्यंत बसला होता?"

"एकपर्यंत. मी भाकरी घेऊन गेली व्हती वर. नाय खाल्ली. बोलले, नको, फोन आला तं जायचा हाय, खाल्ला तं वजन वाढंल."